हुकल्याचा एक गुण

जगातल्या बहुतेक खेळांत नेम हुकला की हात हलवत परत यावं लागतं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये हुकल्याबद्दलही एक गुण मिळतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथाडलेला चेंडू पार झाला की सहा गुण, आणि नेम चुकून तो बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला की एक. या एका गुणाला ‘बिहाइंड’ म्हणतात. उत्तर चुकलं, पण पोरानं रीत तरी मांडली, म्हणून गणिताचे मास्तर अर्धा मार्क देतात, त्यातलाच हा प्रकार. गोल झाला की खांबांपाशी उभा असलेला पंच दोन झेंडे हलवतो, बिहाइंडला एकच. १८९७पासून हा हिशेब असाच चालू आहे.

या एका झेंड्यावर उभा जन्म काढलेला एक माणूस मेलबर्नमध्ये हमखास भेटतो. तो सेंट किल्डा क्लबचा पाठीराखा.

वय सत्तरीच्या आसपास. गळ्यात लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, आईनं विणलेला मफलर. तो धुतलेला नाही, कारण एकदा धुतला होता तेव्हा संघ हरला होता. न धुताही संघ हरतोच, हे बायकोनं अनेकदा निदर्शनास आणून दिलेलं आहे. बायको कॉलिंगवूड क्लबची पाठीराखी. तिकडे आंतरधर्मीय लग्नाला कुणी भुवई उंचावत नाही. या लग्नाला मात्र दोन्हीकडचे काका-मामा तोंड पाडून बसले होते.

मेलबर्नकर या खेळाला लाडानं ‘फुटी’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द ऐकताच हॉटेलात कोंडलेले आमदार आठवतील. इथला फुटीवाला मात्र जन्मात फुटत नाही. घर बदलतो, धंदा बदलतो, प्रसंगी नवरा-बायकोही बदलतात, क्लब तोच. तो गोत्रासारखा बापाकडून येतो आणि नातवाच्या नावानं क्लबची वर्गणी बारशाआधीच भरली जाते. तिथं नव्या माणसाची ओळख झाली की दुसरा-तिसरा प्रश्न “तू कुणाचा?” हाच असतो. खेड्यातल्या पारावर म्हातारे विचारतात तसा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत माणसाला नक्की कुठल्या खणात ठेवायचं ते ठरत नाही.

आमच्या फुटीवाल्याच्या शेजारी ठाण्याचा एखादा संगणक अभियंता राहायला आला, तर तो त्याला कुंपणावरून हाच प्रश्न विचारतो. “अजून ठरवलं नाही,” असं उत्तर आलं की त्याचा चेहरा कनवाळू होतो. “कुणाचाही हो,” तो सांगतो, “फक्त कॉलिंगवूडचा नको.” मग सेंट किल्डाचा होऊ का? यावर तो जरा घुटमळतो. “लग्न झालंय ना तुझं? मग पोराबाळांचा विचार कर गड्या.”

त्याच्या घुटमळण्यामागे आकडे आहेत. क्लब १८७३चा. १८९७मध्ये आठ क्लबांची नवी लीग सुरू झाली आणि तीत सेंट किल्डानं पहिला सामना गमावला. मग दुसरा. मग तिसरा. असे ओळीनं अठ्ठेचाळीस. पहिला विजय नोंदवायला १९०० साल उजाडावं लागलं. हंगामात तळाला राहणाऱ्या संघाला तिकडे ‘लाकडी चमचा’ मिळाला असं म्हणतात. सेंट किल्डाच्या खात्यावर असे सत्तावीस चमचे आहेत. मंत्र्याच्या दौऱ्यातसुद्धा इतके जमत नाहीत.

आणि विजेतेपद? एक.

ते १९६६चं. हा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लाखावर माणूस, समोर कॉलिंगवूड, दोन्हींचे गुण त्र्याहत्तर आणि घड्याळ संपत आलेलं. गर्दीतून बॅरी ब्रीननं कशीबशी लाथ मारली. चेंडू वेडावाकडा डुगडुगत गेला आणि बुटक्या खांबाच्या आतून पार झाला. एक झेंडा. चौऱ्याहत्तर विरुद्ध त्र्याहत्तर. म्हणजे दीडशे वर्षांच्या इतिहासातलं एकमेव विजेतेपद मिळालं ते चुकलेल्या लाथेवर! ही गोष्ट तो दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी त्या लाथेला थोडं वळण येतं. अलीकडे तर ब्रीननं मुद्दामच एक गुण मारला, असं त्याचं मत होत चाललं आहे. सहा मारले असते तर वेळ वाया गेला असता म्हणे.

खेळाविषयी त्याची मतं ठाम असतात आणि ती क्लबाक्लबागणिक वेगळी असतात. कॉलिंगवूडबद्दल विचारूच नका. कार्लटन म्हणजे पैशाचा माज. जीलाँग म्हणजे तासाभरावरचं गाव, पण दर वर्षी चांगला संघ येतोच कुठून? काहीतरी गोम असणार. मेलबर्न क्लबवाले हंगाम ऐन रंगात आला की डोंगरावर बर्फात घसरायला जातात, अशी शहरातली जुनी टिंगल आहे. तो ती पुराव्यासारखी वापरतो. सिडनीला तो क्लबच मानत नाही, ते १९८२मध्ये उचलून नेलेलं साउथ मेलबर्न. ब्रिस्बेन म्हणजे १९९६च्या अखेरीस गिळलेलं फिट्झरॉय. गोल्ड कोस्ट आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी हे तर २०११-१२चे. त्यांना बसायला पाट द्यायचा की नाही, हेच त्यानं ठरवलेलं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर तो शांतपणे म्हणतो, “मी आपला तटस्थपणे बोलतोय.”

पंचांविषयीही तो असाच तटस्थ. चेंडू हातात असताना खेळाडूला पकडलं आणि त्यानं तो वेळेत सोडला नाही, तर समोरच्या संघाला मोकळी लाथ मिळते. नियम साधा आहे, पण ‘वेळेत’ म्हणजे किती, यावर शहराचे कायमचे दोन तट आहेत. कॉलिंगवूडच्या माणसाला पकडलं की पंचाहत्तराव्या रांगेतून हा “बॉऽऽऽल!” असा टाहो फोडतो. हजारोंच्या तोंडून एकाच वेळी निघणारी ही आरोळी नवख्याला गावावर संकट आल्यासारखी वाटते. आपल्या माणसाला पकडलं की हा खाली बसतो, मांस भरलेल्या गरम पायवर टोमॅटो सॉस पिळतो आणि “त्याला संधी तर द्या!” असं पुटपुटतो. पहिला घास हमखास जीभ भाजतो. तोही पंचांच्या नावावर जमा होतो.

एक गोष्ट मात्र नवख्यानं ध्यानात घ्यावी. एवढी खुन्नस असूनही या मैदानांवर दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांत मिसळून बसतात. मधे जाळी नाही, पोलिसांची भिंत नाही. बायकोच्या शेजारी बसून तिच्या क्लबचा उद्धार करायचा आणि तिच्याच थर्मासमधला चहा प्यायचा, हे त्याला चाळीस वर्षं जमलेलं आहे.

क्रिकेट म्हणजे दोन फुटी हंगामांच्या मधे लोकांना गुंतवून ठेवायची सोय, असं तो मानतो. इतिहास मात्र नेमका उलटा आहे. १८५८मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग सुस्त होतं, तेव्हा फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी खेळाचे नियम कागदावर आले. वाचकांच्या पत्रव्यवहारातून काही निष्पन्न झाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. आपण ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला अजिंक्य रहाणेच्या २०२०मधल्या ११२ धावांसाठी ओळखतो, ते त्याच्या लेखी मुळात फुटीचंच. क्रिकेटची खेळपट्टी बाहेर तयार करून तिथं आणून बसवतात आणि हंगाम संपला की उचलून नेतात. पाहुण्यांसाठी शेजाऱ्याकडून आणलेल्या गादीसारखी.

पण एका क्रिकेटपटूचं नाव निघालं की तो हळवा होतो. शेन वॉर्न. लेगस्पिनच्या आधी वॉर्नला फुटी खेळायची होती. सेंट किल्डाच्या राखीव संघापर्यंत तो पोचलाही, पण क्लबनं त्याला नारळ दिला. सेंट किल्डानं इतक्या वर्षांत जगाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी, असं हा हसत सांगतो. पुढे वॉर्ननं विश्वचषक जिंकला, सातशेवर कसोटी बळी घेतले, २००८मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर राजस्थान रॉयल्सचा कर्णधार म्हणून पहिल्या आयपीएलचा चषक उचलला. सेंट किल्डाचं विजेतेपद मात्र त्याला पाहायला मिळालं नाही, जन्मच १९६९चा. २०२२मध्ये तो गेला, तेव्हा कुटुंबानं त्याला खाजगी निरोप दिला तो क्लबच्या मुराबिनच्या मैदानावर.

निकी विनमारचा किस्सा सांगताना तर हा गृहस्थ हातातला पायसुद्धा खाली ठेवतो. एप्रिल १९९३, कॉलिंगवूडचं व्हिक्टोरिया पार्क. विनमार सेंट किल्डाचा खेळाडू, आदिवासी समाजातला. दिवसभर प्रेक्षकांनी त्याला रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. सामना सेंट किल्डानं जिंकला. शिट्टी वाजल्यावर विनमार त्याच प्रेक्षकांसमोर गेला, बनियन वर केली आणि स्वतःच्या कातडीकडे बोट दाखवून उभा राहिला. तो फोटो देशभर गाजला. दोन वर्षांनी लीगनं वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम केला. तसले शब्द त्या काळी बहुतेक मैदानांवर ऐकू यायचे. याच्या गोष्टीत मात्र ते फक्त कॉलिंगवूडवाल्यांच्या तोंडी असतात. इथं बायको त्याच्याकडे एकदा बघते आणि तो घसा खाकरून विषय बदलतो.

विषय बदलून तो येतो पुन्हा एका गुणावरच. एप्रिल २००६, टास्मानियातलं लाँसेस्टन, समोर फ्रीमँटल. सेंट किल्डा एका गुणानं मागे असताना वेळ संपल्याचा भोंगा वाजला. पण इतका बारीक, की पंचांना ऐकूच आला नाही. खेळ चालू राहिला, सेंट किल्डाला एक बिहाइंड मिळाला, सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांनी लीगनं निकाल फिरवून फ्रीमँटलला विजयी ठरवलं. “आयुष्यात फुकट मिळालेला एक गुण,” हा म्हणतो, “तोही परत घेतला.”

२०१०च्या अंतिम सामन्यात तर पुन्हा कॉलिंगवूड. शेवटच्या मिनिटांत सेंट किल्डाच्या लेनी हेजनं लांब लाथ मारली. स्टीव्हन मिल्न गोलाच्या तोंडाशी धावत होता. चेंडू हातात आला असता तर खेळ खलास होता. पण हा चेंडू अंडाकृती, टप्पा पडल्यावर कुठं जाईल ते त्यालाच ठाऊक नसतं. टप्पा पडला, चेंडू मिल्नला हुलकावणी देऊन बाजूला वळला आणि पार झाला. एक झेंडा. अडुसष्ट-अडुसष्ट. तेव्हाच्या नियमानं पुढच्या शनिवारी सामना पुन्हा खेळवला आणि कॉलिंगवूडनं तो ५६ गुणांनी घेतला. फेरसामन्याचा नियम २०१६मध्ये रद्द झाला. याच्या मते सहा वर्षं उशिरा.

तरीही तो आशा सोडत नाही, कारण त्यानं एक सिद्धांत मांडला आहे. रेशनच्या रांगेचा म्हणावा असा. विजेतेपदाचा सर्वांत जुना दुष्काळ बुलडॉग्ज क्लबचा होता, १९५४पासूनचा. तो २०१६मध्ये फिटला. मग मेलबर्नचा, १९६४पासूनचा; तो २०२१मध्ये फिटला. आता रांगेत पहिला नंबर १९६६वाल्यांचा. मधे २०१७मध्ये रिचमंड आपला १९८०चा डबा घेऊन घुसलं, हे तो मान्य करतो. पण रांगेत घुसणारे कुठं नसतात?

नियमबदलांचा त्याला तिटकारा. २०१९पासून एक नियम आला: मध्यावर चेंडू टाकताना प्रत्येक संघाचे सहा-सहा-सहा खेळाडू तीन भागांत वाटून उभे असले पाहिजेत. “फुटी आहे की शाळेची कवायत?” असं तो सहा वर्षं म्हणत आला. जुलै २०२५मध्ये मेलबर्नविरुद्ध तीन क्वार्टर संपले तेव्हा सेंट किल्डा ४६ गुणांनी मागे होतं. हा उठला, मफलर आवळला आणि गर्दी टाळायची म्हणून ट्रेन पकडली. शेवटच्या क्वार्टरमध्ये सेंट किल्डानं सगळी पिछाडी भरून काढली. गुण बरोबरीत, हातात मोजके सेकंद, आणि मेलबर्नचे खेळाडू सहा-सहा-सहाच्या जागी नव्हते म्हणून सेंट किल्डाला मोकळी लाथ मिळाली. तिथून चेंडू नासाया वांगानीन-मिलेराकडे गेला आणि त्यानं भोंगा वाजल्यानंतर गोल मारला. लीगच्या इतिहासात शेवटच्या क्वार्टरमध्ये एवढी पिछाडी भरून कुणी जिंकलं नव्हतं. यानं ते ट्रेनमध्ये, अनोळखी पोराच्या मोबाइलवर पाहिलं.

या सामन्याला आपण शेवटपर्यंत बसलो होतो, असं तो आता सांगतो. सहा-सहा-सहा हा खेळातला सर्वांत शहाणपणाचा नियम असल्याचंही सांगतो. त्या हंगामात सेंट किल्डा पहिल्या आठांत आलं नाही.