न पाहिलेल्या सामन्याचं बिल

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी घरं भरपूर. टीव्हीवर क्रिकेट चालतं, मालिका चालतात, रात्री बातम्या लागतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये गुण कसे मोजतात हे बहुतेक घरांतल्या मोठ्यांना ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. तरी २०१४ पासून अशा कितीतरी घरांच्या केबल पॅकेजमध्ये ‘बिग टेन नेटवर्क’ नावाचं चॅनल येऊन बसलं आणि त्याचे पैसे महिन्याच्या बिलातून जाऊ लागले. कारण एवढंच, की शेजारच्या पिस्कॅटवेला रटगर्स विद्यापीठाचं स्टेडियम आहे आणि त्या वर्षी रटगर्स ‘बिग टेन’ कॉन्फरन्समध्ये दाखल झालं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. सामना बघा, नका बघू, पैसे कापले गेले.

कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. पूर्वी तो भूगोलावर ठरायचा: बसने जाऊन खेळून रात्री परत येता येईल अशी गावं. आता तो केबलच्या ग्राहकसंख्येवर ठरतो. व्यवहार असा. अमेरिकेत केबल कंपनी चॅनलला पैसे देते, दर ग्राहकामागे, दर महिन्याला. (आपल्याकडे ॲनलॉग केबलच्या दिवसांत चॅनलच केबलवाल्याला कॅरेज फी मोजायचं, तिकडे उलटं.) त्यातही दोन दर असतात. कॉन्फरन्सचं विद्यापीठ ज्या राज्यात आहे तिथे चढा दर, बाकी देशात नाममात्र. म्हणजे नव्या राज्यातलं एखादं विद्यापीठ गटात ओढलं की त्या राज्यातली लाखो कनेक्शनं एका रात्रीत महागडी होतात. संघ चांगला खेळतो की नाही हा प्रश्न दुय्यम.

रटगर्सला घेतलं ते न्यूयॉर्कभोवतीच्या घरांसाठी. मेरीलँडला घेतलं ते वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या घरांसाठी. मेरीलँड १९५३ पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं (एसीसी) संस्थापक सदस्य. साठ वर्षांची सोयरीक तोडायला त्यांना तीन कोटी चौदा लाख डॉलर मोजावे लागले, आणि ते त्यांनी मोजले. सरकारी विद्यापीठ आहे हे. ज्या राज्याच्या करदात्यांनी ते उभं केलं, त्यांच्याच टीव्ही बिलावर डोळा ठेवून हा निर्णय झाला. याला खेळाचा विकास म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बिग टेन नेटवर्क सुरू झालं ३० ऑगस्ट २००७ रोजी, कॉन्फरन्स आणि फॉक्स यांच्या भागीदारीत. कॉन्फरन्सचे कमिशनर जिम डिलेनी यांची मागणी होती की आमच्या आठ राज्यांत दर घरामागे महिन्याला सुमारे एक डॉलर दहा सेंट द्या, आणि चॅनल सर्वसाधारण पॅकेजमध्ये घाला. त्या वेळची देशातली सगळ्यात मोठी केबल कंपनी कॉमकास्ट म्हणाली, ज्याला हवं तो वेगळे पैसे भरून क्रीडा पॅकेजमध्ये घेईल, सगळ्यांच्या माथी का मारता? दोघं अडून बसले आणि चॅनल कॉमकास्टच्या घरांत पोहोचलंच नाही.

आणि दोनच दिवसांत, १ सप्टेंबरला, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला याच चॅनलवर दाखवलेला एक सामना झाला. देशात पाचव्या क्रमांकावर असलेलं मिशिगन, समोर नॉर्थ कॅरोलिनातल्या डोंगराळ बून गावचं ॲपलाचियन स्टेट, खालच्या श्रेणीतला संघ. स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं. शेवटचे काही सेकंद उरलेले, पाहुणे ३४, यजमान ३२. मिशिगनचा खेळाडू विजयाची किक मारायला पुढे येतो आणि ॲपलाचियनचा कोरी लिंच झेप घेऊन ती अंगावर अडवतो, चेंडू उचलून पळतच सुटतो. स्टेडियम गपगार. खालच्या श्रेणीतल्या संघाने मानांकित संघाला हरवण्याची ती पहिलीच वेळ. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या उलथापालथींत हा सामना आजही मोजला जातो, आणि मिशिगनमधल्याच असंख्य घरांना तो दिसला नाही. गावातला सामना, राज्याचं विद्यापीठ, घरात केबलही आहे, पण चॅनल नाही. कंपन्या दरावर घासाघीस करत होत्या आणि लोक रेडिओ लावून बसले होते.

तडजोड झाली जून २००८ मध्ये, मागितलेल्यापेक्षा कमी दराने. म्हणजे आकडा मुळातच वाटाघाटीचा होता. एक अख्खा मोसम बुडाला तो प्रेक्षकांचा.

या भांडणात कॉमकास्टने एक बोचरा युक्तिवाद केला होता: इंडियानातल्या बास्केटबॉलवेड्या माणसाला आयोवाचं व्हॉलीबॉल बघायचं नसतं, मग त्याचे पैसे त्याने का भरावेत? डिलेनी खवळले. हा महिला खेळाडूंचा अपमान आहे, माफी मागा, म्हणाले. मला विचाराल तर दोघांचंही अर्धं बरोबर होतं. नको असलेल्या चॅनलचे पैसे माणसाने भरू नयेत, हे कॉमकास्टचं म्हणणं मला पटतं. फक्त ही कंपनी स्वतःची चॅनलं त्याच पद्धतीने लोकांच्या गळ्यात घालत होती, तेव्हा तिला हे तत्त्व सुचलं नव्हतं. आणि व्हॉलीबॉलबद्दल तर ती साफ चुकली. ३० ऑगस्ट २०२३ रोजी, चॅनलच्या सोळाव्या वाढदिवशी, लिंकनला नेब्रास्का विद्यापीठाच्या मुली फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉल खेळल्या. उघड्या आभाळाखाली, मैदानावर पसरलेल्या कोर्टवर. हजर होते ९२,००३ प्रेक्षक. सामना दाखवला बिग टेन नेटवर्कनेच. मुलींच्या खेळाला प्रेक्षक नाही, ही समजूत त्या संध्याकाळी मोडीत निघाली. दाखवाल तर लोक बघतात. हे श्रेय चॅनलचं आहे आणि ते मी हातचं राखून देणार नाही.

पण चांगलं काम आणि चांगला व्यवहार या दोन गोष्टी आहेत.

टेक्सास विद्यापीठाने तर कॉन्फरन्सचीही वाट पाहिली नाही. २०११ मध्ये डिस्नेच्या ईएसपीएन या क्रीडा चॅनलबरोबर वीस वर्षांचा, तीस कोटी डॉलरचा करार करून एकट्याचं ‘लाँगहॉर्न नेटवर्क’ काढलं. एका विद्यापीठाचं चोवीस तास चॅनल! सुरुवातीला ते घ्यायला मोठी केबल कंपनी तयार होईना. शेजारी मात्र बिथरले. शंभर वर्षांहून जुना वैरी टेक्सास ए अँड एम २०१२ मध्ये ‘एसईसी’ या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये निघून गेला, मिसुरीही गेलं. आपसातला सामना, ज्याच्यासाठी आख्खं टेक्सास थँक्सगिव्हिंगला घरी जमायचं, तो बारा मोसम झाला नाही.

पॅसिफिक किनाऱ्याची कथा मला जास्त लागते, कारण तिथे हेतू वाईट नव्हता. ‘पॅक-१२’ या तिथल्या कॉन्फरन्सने २०१२ मध्ये स्वतःच्या मालकीचं नेटवर्क काढलं: एक राष्ट्रीय चॅनल, सहा प्रादेशिक, फॉक्स नाही, ईएसपीएन नाही, शंभर टक्के विद्यापीठांचं. वॉटर पोलो, जिम्नॅस्टिक्स, पोहणं, वर्षाला साडेआठशेच्या आसपास स्पर्धा थेट दाखवायचे. जे खेळ दुसऱ्या कुणी दाखवले नसते ते त्यांनी मनापासून दाखवले. पण डायरेक्ट टीव्ही या सॅटेलाइट कंपनीशी करार झाला नाही तो शेवटपर्यंत नाही. एकट्याने सौदा करायला गेलं की हातात काही नसतं. डिस्नेसारखी कंपनी सांगते, ईएसपीएन पाहिजे ना, मग एसईसी नेटवर्क घ्यावं लागेल, एसीसी नेटवर्क घ्यावं लागेल. पॅक-१२ कुणाला काय सांगणार? त्यातच ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोत थाटलेलं, भाडं भरमसाट. २०२३ मध्ये उघड झालं की कॉमकास्टकडून चुकून जास्तीचे पाच कोटी डॉलरच्या घरात आले होते आणि वरच्या दोन अधिकाऱ्यांनी ते ठाऊक असून कळवलं नव्हतं. दोघांना काढलं.

तोवर घर मोडलं होतं. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं २०२२ मध्येच बिग टेनकडे निघाली होती. ऑगस्ट २०२३ च्या एका शुक्रवारी आणखी पाच जणांनी जातो म्हणून सांगितलं. स्टॅनफर्ड आणि बर्कली गेले अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरून अटलांटिकच्या गटात! ते गटात आल्यामुळे कॅलिफोर्निया ‘घरचं राज्य’ झालं आणि तिथल्या बिलांवर एसीसी नेटवर्कचा चढा दर लागू करण्याची वाट मोकळी झाली. १९१५ पासूनची कॉन्फरन्स, उरले दोघे: ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. पॅक-१२ चं नेटवर्क आणि लाँगहॉर्न नेटवर्क, दोन्ही जून २०२४ अखेर बंद.

यात मैदानावरच्या मुलामुलींचं काय झालं? लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉलपटू मुलीला आता गटातला सामना खेळायला न्यू जर्सीला जावं लागतं, सुमारे चार हजार किलोमीटर, आणि सोमवारी वर्गात बसावं लागतं. तिच्या खेळाचा टीव्हीचा पैसा फुटबॉलच्या तुलनेत किरकोळ, पण विमानात तिलाही बसवलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेची टीव्हीवरची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांना आपापले सामने विकायची मुभा दिली. तिथपासून चाळीस वर्षं प्रशिक्षकांचे पगार वाढले, स्टेडियमं वाढली, कमिशनर कोट्यधीश झाले. खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे या कमाईतला थेट वाटा मिळायला जून २०२५ ची कोर्टातली तडजोड उजाडावी लागली. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ते हेच.

आणि केबल गेली म्हणून खेळी बदलली असं समजू नका. ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री इंटरनेटवरून चॅनलं दाखवणाऱ्या यूट्यूब टीव्हीचं आणि डिस्नेचं दरावरून फाटलं. ईएसपीएन, एसईसी नेटवर्क, एसीसी नेटवर्क, सगळं काळं. १४ नोव्हेंबरपर्यंत. ऐन मोसमातले दोन शनिवार गेले. तार बदलली, अडवणूक तीच.

उपाय नाही असं कुणी म्हणू नये. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची निव्वळ धंदेवाईक लीग. तिचा सामना केबलवर असला तरी त्या दोन संघांच्या शहरांत तो साध्या अँटेनाच्या स्थानिक चॅनलवर दाखवावाच लागतो, असा तिचा स्वतःचा नियम आहे. अब्जाधीश मालकांना जे कळतं ते राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या कुलगुरूंना का कळू नये? बिग टेन नेटवर्क सुरू झालं त्याच २००७ साली आपल्या संसदेने कायदा केला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्क असलेल्या चॅनलने प्रसार भारतीला द्यायलाच हवं. त्या कायद्यावर पुढे कोर्टकज्जे झाले, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची व्याप्ती दूरदर्शनचं जमिनीवरचं प्रक्षेपण आणि फ्री डिशपुरती ठेवली. ठेवली, तरी छपरावर एक छत्री लावलेल्या माणसाला भारताचा वनडे सामना फुकट दिसतो. त्याला कुणी विचारत नाही, तुझ्या राज्याचा दर कोणता.

माझी मागणी मोठी नाही. सरकारी विद्यापीठाने टीव्हीचा पुढचा करार करताना एक कलम घालावं: आमच्या राज्याच्या हद्दीत आमचा प्रत्येक सामना, मुलांचा आणि मुलींचा, एका फुकट चॅनलवर दिसेल. बाकी जगाला हवा त्या दराने विका. करार करणारे म्हणतील, असं कलम घातलं तर भाव पडतो. पडेल. डिलेनींचाही दर कमी झाला होता, आणि बिग टेन काही बुडालं नाही. नेब्रास्कात सार्वजनिक टीव्ही केंद्र वर्षानुवर्षं विद्यापीठाच्या मुलींचं व्हॉलीबॉल दाखवत आलं आहे, आणि ब्याण्णव हजार माणसं जमली ती त्याच राज्यात. मागे उरलेल्या ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटकडे २०२४ मध्ये ना मोठी कॉन्फरन्स होती ना चॅनल. त्यांनी घरच्या मैदानावरचे बहुतेक फुटबॉल सामने ‘द सीडब्ल्यू’ या नेटवर्कला दिले. ते बघायला लागायची फक्त अँटेना.