सचिनचं डावं, माझं उजवं

कोपर दुखायला लागल्यापासून मी पेठेत जरा रुबाबातच फिरतो. टेनिस एल्बो म्हणजे काय ऐरागैरा आजार आहे? 2004 साली सचिन याच दुखण्यापायी बाहेर बसला आणि 2005 मध्ये लंडनला ऑपरेशन करून आला. त्याचं डावं, माझं उजवं. एवढं उन्नीस-बीस चालायचंच.

आता सोलापूरच्या भवानी पेठेत माझी रॅकेट म्हणजे मुसळ. शेंगा चटणी मी स्वतः कुटतो. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, फोलपटं पाखडायची, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट, आणि मग उखळात घाव घालत राहायचं. दाण्याला तेल सुटून चटणी मुसळाला चिकटेपर्यंत थांबायचं नाही. मिक्सरमधून निघतो तो तिखट भुसा. कडक भाकरी आणि दह्यासमोर तो मांडणाऱ्याचं सोलापूरपण काढून घ्यावं. पुण्याचे पाहुणे डबा भरून नेतात आणि "हात आहे तुमचा!" म्हणतात. तोच हात गेला.

डॉक्टरांनी मधलं बोट ताठ धरायला लावून वरून दाबलं, तेव्हा मी सचिनला न शोभेल असा ओरडलो. मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला धरतात, तिथली कंडरा तोच तो ताण बसून खराब होते म्हणे. चाळिशीनंतर जास्त. मी इंजेक्शन मागितलं, ते म्हणाले, "स्टेरॉइडनं काही आठवडे बरं वाटेल, पुढं दुखणं उलटायची भीती." कोपराखाली पट्टा, वजन सावकाश खाली सोडायचा व्यायाम, आणि विश्रांती. बहुतेकांचं वर्षभरात बरं होतं.

पट्टा मिरवायला शेजारच्या अक्कांकडे गेलो. मांडीवर सूप, डाव्या हातात पानावर दाबलेला पत्र्याचा फर्मा, उजव्यात कात्री. बोलता बोलता त्यांनी कोपर चोळलं. नेमकी तीच जागा. माझ्या कितीतरी आधीपासूनची. मी लगेच डॉक्टर झालो. "विश्रांती घ्या, अक्का."

"आन् बिड्या कोन वळणार? हजारावर मजुरी हाय, सर."

चिठ्ठीतलं सगळ्यात महाग औषध तेच होतं, आणि ते मला फुकट मिळत होतं. मला राग आला. कुणाचा, ते नीट ठरेना. मी पट्टा काढून पुढे केला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून घेतला. मग म्हणाल्या, "तुमच्यात मिक्सर हाय की वो."

आता मी डाव्या हाताने कुटतो.