शिनचॅनचा बाप घरी येतो

कार्टूनमधल्या शिनचॅनने पोरं बिघडवली. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात कोणालाही विचारा, हेच सांगतील. मास्तर सांगतील, आजी सांगेल, पानटपरीवाला न विचारता सांगेल. पोरं उलटून बोलतात, मोठ्यांची टिंगल करतात आणि वर हे सगळं हिंदीत करतात.

मराठीत केलं असतं तर बहुतेक चाललं असतं.

दिल्लीलाही 2008 साली असंच वाटलं होतं. शिनचॅनवर बंदी आली. वर्षभराने तो कात्री लागून परत आला. पोरं सुधारल्याची बातमी काही मधल्या काळात वाचनात आली नाही.

तक्रार सगळी पोराबद्दल. त्या मालिकेत एक बापही आहे, त्याच्याकडे कोण बघतंय? हिरोशी नोहारा. मोज्यांना वास, खिसा रिकामा, बायकोचा धाक, घरकर्जाचे तब्बल 32 वर्षांचे हप्ते डोक्यावर. पोरगा चारचौघांत अब्रू काढतो. हिरोशी ओरडतो, रुसतो आणि थोड्या वेळाने त्याच पोराला खांद्यावर घेतो.

आणि रोज संध्याकाळी घरी येतो.

पुण्यात हे वाचून कोणी पापणी हलवणार नाही. पाटोद्यात हलते. दसऱ्याला याच तालुक्यातल्या सावरगाव घाटाला मेळावा होतो, ऊसतोड कामगारांच्या नावाने भाषणं होतात, टाळ्या होतात. दिवाळी होते न होते तोच तेच कामगार ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी टाकून सांगली, कोल्हापूर, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटक गाठतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गेला तर अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत माणसाचा हिशोब असा असतो.

पोराचा रकाना त्या वहीत नाहीच.

(मांजरा नदी उगम पावते याच तालुक्यात. पण उगमाजवळ ती थांबत नाही. तिला तरी काय बोलणार?)

पोरगं मागे राहतं, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. फडावरून बापाचा फोन येतो. जेवलास का, शाळेत जातोस का, आजीला त्रास देऊ नको. तीन वाक्यांत सहा महिन्यांचं बापपण उरकतं. फोन संपला की त्याच काचेवर शिनचॅन लागतो, दार उघडतं आणि हिरोशी घरात येतो.

आता सांगा, पोरगं नेमकं काय बघतंय?

नाही म्हणायला सरकार जागं आहे. 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं जाहीर झाली. नाव संत भगवानबाबांचं. पोराला पंखा, ताट आणि वही मिळाली तर उत्तमच. बाप मात्र कुठल्याच शासन निर्णयात बसत नाही.

तज्ज्ञांना वेगळीच काळजी. कार्टूनमध्ये म्हणे बाप वाईट दाखवतात, त्याने कुटुंबसंस्थेला धक्का पोचतो. खरंय, दाखवतात. अमेरिकेतला होमर सिम्पसन कित्येक वर्षं पोराचा गळा आवळत आला. पण आपल्याकडे पट्ट्याने, चपलेने, उसाच्या टिपरीने ‘संस्कार’ होत होते, तेव्हा कुठली वाहिनी सुरू होती?

जपानचा गेंदो इकारी त्याहून थंड. ‘इव्हँजेलियन’ नावाच्या 1995 च्या मालिकेतला हा बाप. बायको गेल्यावर पोराला दुसऱ्याच्या दारात सोडतो. वर्षानुवर्षं चौकशी नाही. मग एक दिवस अचानक बोलावणं धाडतो. पोरगा येतो, त्याला वाटतं बापाला आठवण आली. बाप सांगतो, त्या यंत्रात बस आणि लढ.

कोयता कमी पडला की नववीतल्या पोराला असंच बोलावणं येतं. फक्त यंत्राऐवजी फड असतो, आणि गेंदोला निदान मुकादमाची उचल फेडायची नव्हती.

उचलीवरून डोरेमॉन आठवला. सगळ्यांना तो निळा बोका आणि त्याची गॅजेटं माहीत. तो मुळात आला कशाला, हे मोठ्यांपैकी कितीजणांना माहीत आहे? त्या कार्टूनमधला पोरगा नोबिता पुढे धंद्यात बुडतो आणि एवढं कर्ज करून ठेवतो की पिढ्यान् पिढ्या ते फिटत नाही. शेवटी खापरपणतूच बाविसाव्या शतकातून डोरेमॉनला मागे पाठवतो. जा, आमच्या म्हाताऱ्याला आत्ताच सुधार.

आमच्याकडे आजाची उचल बाप फेडतो, बापाची पोरगा. बोका काही अजून आलेला नाही.

आजच्या बापांनी तरी काय पाहिलं होतं? नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर मोगली. जंगलात वाढलेलं पोर, माणसाचा बाप गायब, सांभाळायला लांडगे, अस्वल, बिबट्या. शेरखानाला हिंदीत आवाज नाना पाटेकरांचा. तेच नाना 2015 साली मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मदत घेऊन फिरले. ज्या पोरांना टीव्हीवर त्या आवाजाची भीती वाटायची, ती तोवर बाप झाली होती. काही घरांत तर तो बापही उरला नव्हता.

असो.

‘अवतार’ पाहिलात? निळ्या माणसांचा सिनेमा नव्हे, 2005 ची अमेरिकी मालिका. त्यातला राजा ओझाय. तेरा वर्षांचा मुलगा झुको भर सभेत म्हणतो, नवख्या सैनिकांचा बळी देऊ नका. बाप त्याला द्वंद्वाला उभं करतो. पोरगा बापावर हात उगारत नाही, पाया पडतो. बाप त्याचा चेहरा जाळतो आणि त्याला देशोधडीला लावतो.

एवढ्यावर आपला प्रेक्षक हलत नाही. बाप आहे, असेल रागीट.

खरी अडचण पुढे आहे. त्या पोराला सांभाळतो त्याचा काका. आयरो नावाचा. स्वतःचा मुलगा युद्धात गमावलेला. पुतण्याला चहा पाजतो, शिव्या खातो, पुतण्याने घात केला तरी शेवटी त्याला मिठीत घेतो.

हे बीड जिल्ह्यात कोणाला पटणार?

परळीत मुंडे काका-पुतण्यांच्या वाटा कशा वेगळ्या झाल्या, ते जिल्ह्याने पाहिलं. बीडमध्ये 2019 ला संदीप क्षीरसागरांनी काका जयदत्त क्षीरसागरांना विधानसभेला पाडलं. शिवाजी पार्क आणि बारामतीचं तर विचारूच नका. शनिवारवाड्यात 1773 साली नारायणरावाने काकाला हाक मारली, तिचं उत्तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. अशा राज्यात प्रेमळ काका दाखवणारी मालिका म्हणजे निव्वळ कल्पनारंजन.

पण एक गोष्ट या मालिका न घाबरता करतात. बापाला जाब विचारतात. झुको शेवटी बापासमोर उभा राहतो आणि तोंडावर सांगतो, तू केलंस ते क्रूर होतं. मोबाइलवर मालिका बघणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तो भाग पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. का वाटतो, हे त्यांच्या वडिलांनी न विचारलेलंच बरं.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट खातं जोरात चालतं. शाळेचं संमेलन आलं की एक व्याख्याते येतात. विषय ठरलेला, बाप. फाटकी बनियन, झिजलेली चप्पल, लपवलेले अश्रू. आवाज खाली, मग वर. पहिल्या रांगेतल्या मुली रडतात, मग मुलं, शेवटी मुख्याध्यापक. मानधनाचं पाकीट दिलं जातं.

पोरांनी बाप समजून घ्यायचा. एकदा घेतला, दोनदा घेतला, दर जानेवारीला घ्यायचा. बापांनी पोरगा समजून घ्यावा, यावर कोणाचं व्याख्यान ऐकलंत? त्याला कोण बोलावणार, आणि मानधन कोण देणार?

चप्पल झिजलेली असते, यात शंका नाही. बाप मजेसाठी फडावर जात नाही, हे पाटोद्याच्या दहा वर्षांच्या पोराला व्याख्यात्यापेक्षा जास्त कळतं. कळूनही राग येतो. राग आला म्हणून त्याला कृतघ्न ठरवायचं, की त्याचं ऐकून घ्यायचं? हिरोशी निदान ऐकून तरी घेतो. नंतर रुसतो, ती गोष्ट वेगळी.

आणि संमेलन असतं कधी? डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा मंडपात मास्तर असतात, सरपंच असतात, आज्या असतात. ज्यांच्यावर व्याख्यान चाललेलं असतं ते उसाच्या फडात असतात.

तेव्हा मुख्याध्यापकांना एकच विनंती. यंदा बापावरचं व्याख्यान ठेवायचंच असेल तर परीक्षा झाल्यावर, एप्रिलच्या शेवटी ठेवा. कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात, टोळ्या परतलेल्या असतात. पोरांना मंचावर बसवा, बापांना खाली पहिल्या रांगेत. आणि माइक व्याख्यात्याकडे देऊ नका.