अर्ध्या बाहीवर लोकर संपवण्याची पद्धत

विणकामाची पुस्तकं टाके घालण्यापासून सुरू होतात आणि टाके बंद करण्यापाशी थांबतात. मधे लोकर संपते, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती आपोआप संपत असेल, अशी नवशिक्यांची समजूत असते. तसं नाही. बॉर्डरीतच लोकर संपली तर त्यात कसब कसलं? उसवायचं आणि त्यात टोपी करून मोकळं व्हायचं. खरी लोकर संपते ती दुसऱ्या बाहीच्या कोपरावर, बारसं चार दिवसांवर आलेलं असताना. एक बाही पूर्ण, पाठ पूर्ण, गळा देखणा उतरलेला, आणि हातात वीतभर धागा. इथवर पोचायला तयारी लागते, आणि ती दुकानातच सुरू करावी.

"स्वेटरला किती लागेल हो?" एवढंच दुकानदाराला विचारावं. कोणासाठी, पूर्ण बाह्यांचा की बिनबाह्यांचा, वीण कोणती, हे सांगत बसू नये. तो तुमच्याकडे एकदा बघून आकडा सांगेल. त्यातला एक गुंडा आपल्या हाताने परत ठेवावा आणि "उगाच उरते" असं म्हणावं. न उघडलेले गुंडे बरेच दुकानदार परत घेतात, पण ते विचारण्याची वेळ ही नव्हे. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ४०० ते ५०० ग्रॅम लोकर सहज लागते. हिशेब ग्रॅममध्येच करावा, मीटरकडे ढुंकून बघू नये. ५० ग्रॅम सुती धागा ५० ग्रॅम ॲक्रिलिकपेक्षा लांबीला बराच कमी भरतो, त्यामुळे एका धाग्यासाठी लिहिलेला नमुना दुसऱ्या धाग्यात, वजन तेवढंच धरून विणला, की निम्मं काम तिथेच झालं.

घरी आल्यावर गुंड्यावरचं लेबल काढून टाकावं. त्यावर लांबी असते, आणि लॉट नंबर असतो. लोकर घाण्याघाण्याने रंगवतात, आणि दोन घाण्यांचा रंग तंतोतंत जुळत नाही. म्हणून एका घाण्याच्या मालाला एक नंबर. तुमच्यासारख्याला पुढेमागे त्याची गरज पडेल म्हणूनच तो छापलेला असतो. लेबल कचऱ्यात, कचरा घंटागाडीत.

आता नमुन्याचा चौकोन. १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरचा तुकडा आधी विणून टाके मोजावेत, असं प्रत्येक पुस्तक सांगतं, आणि एवढ्या वेळात बॉर्डर झाली असती, असं प्रत्येक नवशिका म्हणतो. नवशिक्याचं ऐकावं. समजा पुस्तकात १० सेंटीमीटरला २२ टाके आहेत आणि तुमचा हात सैल असल्यामुळे तुमचे २० बसतात. दोन टाक्यांनी काय होतं? ११० टाक्यांची पाठ ५० ऐवजी ५५ सेंटीमीटर होते, पुढचा भागही तितकाच, म्हणजे छातीत सबंध १० सेंटीमीटरची वाढ. टाके तेवढेच, पण प्रत्येक टाका जरा जास्त लोकर पितो. सुयांच्या नंबरांचीही इथे मोठी मदत होते. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते: १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे चार. मोठा नंबर म्हणजे जाड सुई, अशी तुमची समजूत असेल तर ती कोणालाही दुरुस्त करू देऊ नका.

वीण वेण्यांची निवडावी. टाके एकमेकांवरून पलटले की विणकाम आकसतं, त्यामुळे तेवढ्याच रुंदीला टाके जास्त लागतात आणि लोकरही. शिवाय दिसतं सुंदर, त्यामुळे शंका येत नाही.

क्रमाला फार महत्त्व आहे. पाठ आधी, मग पुढचा भाग, बाह्या सगळ्यात शेवटी. काही जुन्या हुशार बायका बाह्या आधी विणतात, तीही दोन गुंडे लावून एकाच सुईवर दोन्ही. त्यामुळे दोन्ही सारख्या होतात आणि लोकर कमी पडलीच तर अंगाची उंची दोन बोटं कमी करून भागतं. या बायकांच्या शेजारी बसू नये. पाठ विणताना मात्र "वाढतं अंग आहे" म्हणून दोन इंच जास्तीचे विणावेत. स्वेटर पंचावन्न वर्षांच्या काकांसाठी असला तरी.

पहिली बाही झाली की शेवटचा गुंडा हाताला हलका लागू लागतो. इथे मन खंबीर ठेवावं. साध्या विणीच्या एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो, टाके बंद करायला चौपटीच्या आसपास. दहा ओळींआधी आणि दहा ओळींनंतर गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, तर आणखी किती ओळी निघतील ते कळतं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे उरलेला धागा मधोमध दुमडून तिथे एक सैल सरकगाठ मारायची आणि एक ओळ विणायची. ओळ संपेपर्यंत गाठ हाताशी आली नाही, तर आणखी एक ओळ निघेल. ओळीच्या आतच आली, तर दुसरी निघणार नाही. पाच वर्षांच्या मुलालाही जमेल असं हे गणित आहे, म्हणून ते टाळावं. त्याऐवजी भराभर विणावं. घाईत हात आवळतो, बाही वर अरुंद होत जाते, आणि लोकर संपायची तेव्हाच संपते.

आता पुन्हा दुकान. तुमचा वेग नेहमीचा असेल तर एव्हाना संक्रांत उलटलेली असते. दिवाळीच्या सुमारास जिथे लोकरीची रास होती तिथे आता उन्हाच्या टोप्या आहेत. माळ्यावरून दोन गुंडे निघतात. दुकानदार ते तुमच्या बाहीवर ठेवून म्हणतो, "ताई, हाच रंग." ट्यूबलाइटखाली तो हाच असतो. दाराबाहेर उजेडात नेऊन पाहू नये, निदान पैसे देईपर्यंत. जुना धागा थोडा शिल्लक असता, तर दोन ओळी जुन्याच्या, दोन नव्याच्या असं आलटून पालटून विणत फरक विरवता आला असता. म्हणूनच तर तो आधी पूर्ण संपवायला सांगितलं. आता सांधा अगदी सरळ रेघेत, कोपरावर येईल. घालणारा पहिल्याच दिवशी हात दुमडेल आणि कोणीतरी विचारील, "हे डिझाइन आहे का?" उत्तर "हो" असं आहे.

धागा जोडायचा तो ओळीच्या मधेच, गाठ मारून, म्हणजे ती धुतल्यावर पुढच्या बाजूला डोकावेल. कडेला जोडला तर शिलाईत लपतो. अस्सल लोकरीची दोन टोकं उकलून, ओली करून तळहातांवर चोळली तर एकजीव होतात, कारण तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात आणि ते एकमेकांत अडकतात. ॲक्रिलिकला खवले नाहीत. तरी चोळून पाहायला हरकत नाही, तळहात गरम होतात.

उसवण्याचा मोह कोणाला होतोच. उसवलेली लोकर शेवयांसारखी वेटोळी येते. तिची लड करून, धुऊन, खाली थोडं वजन लावून वाळवली की सरळ होते. तशीच ओढून विणायला घ्यावी, टाके खालीवर दिसतात आणि स्वेटर हाताने विणलेला आहे याबद्दल कोणाला शंका उरत नाही.

दोन्ही बाह्या काढून टाकणे हा मार्ग शेवटी सांगतो, कारण तो फार वापरला गेला आहे. मराठी घरांत बिनबाह्यांचे एवढे स्वेटर का, याचं उत्तर लोक आपल्याकडच्या बेताच्या थंडीत शोधतात. मला तो गुंड्यांच्या हिशेबाचा भाग वाटतो. पूर्वी तर एकच लोकर यजमानांसाठी सुरू व्हायची, मोठ्या मुलाच्या मापावर यायची आणि अखेर नातवाच्या कुंचीत मावायची. माणूस लहान करत गेलं की लोकर पुरते. फक्त ज्याच्यासाठी विणायला घेतलं त्याला आधी सांगून ठेवू नये.

अठरा ओळींसाठी आणलेल्या दोन गुंड्यांतला दीड गुंडा उरेल. त्याचं काय करावं, असं नवशिके विचारतात. टोपीला तो कमी पडतो, मोज्याला पुरतो पण एकाच. वेळ न दवडता त्यावर पूर्ण बाह्यांचा नवा स्वेटर सुरू करावा, बॉर्डरीला ११० टाके.