डागी फ्रँकलिन

मंडालेला का गेलात, असं कुणी विचारलं की मी 'लोकमान्यांसाठी' म्हणतो. खरं कारण विमानाचं स्वस्त तिकीट, पण ते चारचौघांत सांगवत नाही. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, तिथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. आमची प्रत मी बरोबर घेतली, ती मात्र तिच्या जाडीमुळे.

२०१२ची सुरुवात. ब्रह्मदेशात आपलं कार्ड एटीएमला चालत नसे. परदेशी पाहुण्याने खोलीचं भाडं डॉलरमध्ये द्यायचं, तेही घडी न पडलेल्या नोटांत. एका शर्टावर आठवडा काढणाऱ्या माणसाने नोटा मात्र कडक ठेवायच्या! इतका भक्कम आणि कुणी न उघडलेला ग्रंथ आमच्या घरात दुसरा नव्हता.

गेस्ट हाउसच्या काउंटरवर गालांना थनाखा लावलेल्या एक मावशी होत्या. त्यांनी पहिली नोट दिव्यासमोर धरली आणि पेटीतला डागी आंबा काढावा तशी बाजूला ठेवली. टाचणीचं भोक! दुसरीवर आमच्या मनी चेंजरने मोजताना बॉलपेन टेकवलं होतं. तिसरीचा नंबर 'सीबी'ने सुरू होत होता. ती मालिका तिथे बदनाम. चौथीवर फ्रँकलिनचं डोकं लहान. माणूस तोच, पण १९९६च्या आधीचा. नापास.

"अहो, खोडरबर आहे का?" सौ.ने विचारलं. तिने बॉलपेनचा ठिपका घासला. डागाचा ढग झाला.

आता मात्र मी भडकलो. ही टरफलं मी टाकली नव्हती! शिवाय यांच्या स्वतःच्या चॅटच्या नोटा चिकटपट्टीवर तगलेल्या, सुक्या मासळीचा वास मारणाऱ्या. मी हे सगळं बाणेदारपणे, मराठीत सुनावलं.

मावशींनी शांतपणे बिस्किटांचा डबा उघडला. आत ७५ चॅटच्या नोटांची गड्डी. सप्टेंबर १९८७मध्ये ने विनच्या सरकारने २५, ३५ आणि ७५च्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या, भरपाई शून्य. पुढे ४५ आणि ९०च्या नोटा आल्या, कारण साहेबांना नवाचा आकडा शुभ! "आईचे," मावशी मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. बँकेने नाकारलेला माझा फ्रँकलिनही याच डब्यात जाऊन पडला असता. मी गप्प बसलो.

शेवटी 'कर्मविपाक' प्रकरणातून एक निष्कलंक नोट निघाली आणि आम्हाला किल्ली मिळाली.

स्थळदर्शन म्हणाल तर मंडाले टेकडी चढलो, धाप लागली. राजवाड्याचा खंदक पाहिला. इथल्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५मध्ये पकडून पुढे रत्नागिरीत नेऊन ठेवलं आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इथे आणलं. हा विनिमयाचा दर आम्हाला कुणी विचारून ठरवला नव्हता.

घरी आल्यावर त्या बिस्किटांच्या डब्याची गोष्ट मी बऱ्याच जणांना रंगवून सांगितली. मग नोव्हेंबर २०१६ उजाडला. ८ तारखेला रात्री सौ. उठली, तूरडाळीचा डबा उपडा केला आणि पाचशेच्या नोटांचा एक ढीग माझ्यासमोर सरकवला. आपल्याकडे निदान बँकेत भरून घेत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला कळू न दिलेली ती संपत्ती भरायला रांगेत कुणी उभं राहायचं, यावर मात्र आमच्यात चर्चा झाली नाही. पिशवी माझ्या हातात आधीच होती.