गिरणीचं बटण कोणी दाबलं?

झाडीपट्टीची नाटकं पहाटेपर्यंत चालतात आणि त्यांची बरीच मंडळं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशातूनच निघतात. वेळेबाबत एवढ्या सढळ हाताच्या या गावात बसून कोणी नकाशा काढायला लागणारे मिलिसेकंद मोजत असेल, तर शेजारी त्याला वेडाच म्हणतील. म्हणोत. ते वेड मला फार मोलाचं वाटतं.

नकाशे रंगवणारं ‘मॅपनिक’ हे खुलं सॉफ्टवेअर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा नेहमीचा नकाशा त्यातूनच उमटतो. त्याला पायथनमधूनही हुकूम सोडता येतो. पायथन संथ आणि सी प्लस प्लस चपळ, हे सगळ्यांनी घोकलेलं. त्यामुळे शहाणी माणसं चालती स्क्रिप्ट मोडून सगळं नव्यानं लिहायला बसतात. वेडा आधी मोजतो. तीच माहिती, तीच रंगसंगती, तोच २५६ बाय २५६ पिक्सेलचा चौकोन दोन्हीकडून शंभर-शंभर वेळा काढून घेतो. पहिली फेरी तो सोडून देतो, कारण तिच्यात फाँट आणि शैलीची फाइल उघडण्याचा वेळ मिसळलेला असतो. मग आकडे शेजारी मांडतो, तर फरक जेमतेम!

वडसेकराला याचं नवल वाटायला नको. भातगिरणीचं बटण मालकानं दाबलं काय नि पोरानं दाबलं काय, धान भरडायला तेवढाच वेळ लागतो. पायथन इथं बटण दाबणारा पोर आहे. भरडाई सी प्लस प्लसचीच. मात्र वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीला धान न्यायचं आणि तेही पायली-पायलीनं, असं कोणी ठरवलं तर दिवस पुलावरच मावळेल. नकाशातला एकेक रस्ता, धानाची एकेक बांधी पायथनच्या हातून पलीकडे द्यायला लागलं की नेमकं हेच होतं. तिथं पायथन खरोखरच रखडतो. हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजणारा तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून तो मला जास्तच आवडतो. उरलेला वेळ कुठं जातो, हे तो शोधत राहतो. डेटाबेसमधून आकृत्या हुडकण्यात, गावांची नावं एकमेकांवर न चढवता बसवण्यात, शेवटी पीएनजी फाइल आवळण्यात. डेटाबेसमधल्या आकृत्यांच्या रकान्यावर सूची (इंडेक्स) बांधलेली नसेल, तर जगातली कुठलीही भाषा तो नकाशा लवकर काढून देणार नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा फुगली होती. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्ती जिल्ह्यात उतरले. पाणी चढत असताना किंवा कळप रातोरात जागा बदलत असताना सकाळचा नकाशा दुपारी शिळा होतो; तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. अशा वेळी सूची कुठं बांधायची हे आधीच ठाऊक असलेला माणूस मला तालुक्याच्या कचेरीत बसलेला हवा आहे. त्याची पायथनची स्क्रिप्ट होती तशीच राहू दे.