देवसुद्धा पंधरा डॉलरला

अहो, ऐकलंत का? तिकडे अमेरिकेत, पोर्टलंडच्या भर चौकात देव जमिनीवर पडलाय. वीट होऊन! त्याच चौकात येशू ख्रिस्त आहेत, शेक्सपिअर आहे, शेरलॉक होम्स आहे, आणि ‘स्टार ट्रेक’मधला तो टोकदार कानांचा मिस्टर स्पॉकसुद्धा आहे. भाव सगळ्यांना एकच होता, १५ डॉलर. शिव शिव! देवाला निदान सवलत तरी द्यायची.

झालं असं, की पायोनियर कोर्टहाऊस स्क्वेअरच्या जागी आधी गाड्या उभ्या राहायच्या. लोकांना तिथे मोकळा चौक हवा होता, महापौर फ्रँक आयव्हन्सींना तो नको होता. पैशांचं घोडं अडलं, तेव्हा हट्टाला पेटलेल्या नागरिकांनी नावाच्या विटाच विकायला काढल्या. पन्नासेक हजार विटा खपल्या, साडेसात लाख डॉलर जमले आणि १९८४च्या एप्रिलमध्ये चौक उघडला. महापौरांच्या नाकावर विटा टिच्चून!

मग काय, साथच आली. सिॲटलच्या पाइक प्लेस मार्केटात ३५ डॉलरला फरशी विकली गेली. तिथल्या एका फरशीवर तर नावाऐवजी १००च्या आतल्या मूळ संख्या कोरून घेतल्यात. आता बोला! १९९६च्या ऑलिंपिकसाठी अटलांटानेही बागेतल्या विटा विकल्या.

पण खरी धमाल विटा विकणाऱ्या समितीच्या बैठकीत. वीट साधारण आठ बाय चार इंची. ओळी तीन, ओळीत अठरा-वीस अक्षरं, मधल्या मोकळ्या जागाही हिशेबात. आपल्याकडचे ‘कै. ती. दादा’ आणि ‘समस्त परिवार, मु. पो.’ घातले, तर दादांचं आडनाव शेजारच्या विटेवर जायचं. दुकानाची जाहिरात चालेल का? जोडप्याने मिळून घेतलेली वीट काडीमोडानंतर कुणाची? वर नकाशा हवाच, नाहीतर देणगीदार रविवारी सहकुटुंब येऊन ओणवे होऊन स्वतःला शोधत बसायचे. घरच्या शोकेससाठी छोटी प्रतिकृती मिळते, तिचे पैसे वेगळे. आहे की नाही धंदा?

नाकं मुरडू नका हं. आपल्या देवळांत पंख्याच्या पात्यांवर कैलासवासी मंडळी गरगरत असतात. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी दोन हजार वर्षांपूर्वी खांब दान केले आणि तसं खांबांवरच कोरून ठेवलं. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणजे शके ११९५ ते ११९९मधल्या देणगीदारांची यादीच, हेमाद्री पंडितासकट. चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्याला पाठ घासत आले. म्हणजे दान केलं यादवकाळातल्या मंडळींनी आणि पाठ खाजवून घेतली जगाने.

आता हे खूळ आमच्या सोसायटीत शिरलंय. बागेतल्या पायवाटेसाठी विटा! सभेला कोरम कधी नसतो, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. फाटकाजवळच्या विटेवर चार जणांचा डोळा, कचराकुंडीशेजारची कुणालाच नको. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “माझ्या नावावर कुत्रं उभं राहिलं तर जबाबदार कोण?” सेक्रेटरींनी तो प्रश्न गंभीरपणे इतिवृत्तात नोंदवला. काय हा हव्यास! मला तर ऐकूनच वीट आला.

मी आपली जाता जाता सेक्रेटरींकडे सहज चौकशी केली, पारिजातकाखालची गेली का म्हणून.